लेआउट दुरुस्त केला तरी पुन्हा का मोडतो? ब्राउझर आणि ईमेलमधल्या सीएसएसचं समस्या निवारण

मोबाइलवर पान आडवं सरकतंय आणि उजवीकडे पांढरी पट्टी दिसतेय, अशी तक्रार आली की बरेच जण एचटीएमएल आणि बॉडी दोघांनाही ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’ लावून मोकळे होतात. पट्टी जाते. काही दिवसांनी दुसरी तक्रार येते: वर चिकटून राहणारं हेडर आता चिकटत नाही. मग स्टिकीच्या जागी फिक्स्ड येतं. त्याच्याखाली मेनू झाकला जातो म्हणून झेड-इंडेक्स (कोण कोणाच्या वर दिसेल ते ठरवणारा आकडा) ९९९९ होतो, आणि शेवटी कोणीतरी म्हणतं, "सफारीचा काही भरवसा नाही." वास्तविक या सगळ्यात सफारीचा काडीचाही संबंध नसतो. पहिल्या तक्रारीचं कारण न शोधता ती झाकली, तिथून पुढची प्रत्येक तक्रार जन्माला आली.

लेआउट जिथे फुटलेला दिसतो तिथे दोष क्वचितच असतो. तो असतो वरच्या एखाद्या पॅरेंटमध्ये, नाहीतर तुम्ही न लिहिलेल्या एखाद्या डिफॉल्ट व्हॅल्यूमध्ये. म्हणून खाली उपायांपेक्षा दोष कसा शोधायचा यावर जास्त लिहिलं आहे. ईमेलचं प्रकरण वेगळं आहे, ते शेवटी घेऊ.

आधी ठरवा: सगळीकडे मोडतंय की एकाच ठिकाणी?

ब्राउझरच्या आत पान रंगवणारी इंजिनं आज तीनच उरली आहेत. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट हे सगळे ब्लिंकवर चालतात, सफारी वेबकिटवर आणि फायरफॉक्स गेकोवर. क्रोम आणि एज दोन्हीत तपासलं म्हणजे दोन ब्राउझर झाले असं मानू नका, ते एकच तपासणं झालं. याच्या उलट, आयफोनवरचा क्रोम आतून वेबकिटच असतो. ॲपलने २०२४ मध्ये आयओएस १७.४ पासून दुसऱ्या इंजिनांना मुभा दिली तीही सुरुवातीला फक्त युरोपियन युनियनपुरती. त्यामुळे "आयफोनवर क्रोममध्ये पण मोडतंय" हे वाक्य ऐकून क्रोमचा दोष शोधत बसू नये.

तिन्ही इंजिनांत सारखंच मोडत असेल तर दोष तुमच्या सीएसएसचा आहे, विषय संपला. एकाच इंजिनात मोडत असेल तर पहिला संशय ब्राउझरच्या जुन्या आवृत्तीवर घ्या. फ्लेक्समधला गॅप याचं ठळक उदाहरण आहे: फायरफॉक्स ६३ मध्ये तो २०१८ सालीच आला, क्रोम ८४ मध्ये २०२० साली आणि सफारी १४.१ मध्ये २०२१ साली. जुना आयपॅड वापरणाऱ्याला तुमची बटणं एकमेकांना चिकटलेली दिसतात ती यामुळे. इंजिनातला अस्सल बग हा संशय सगळ्यात शेवटी. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांनी २०२१ साली फ्लेक्सबॉक्स, ग्रिड, स्टिकी, आस्पेक्ट-रेशो आणि ट्रान्सफॉर्म हे पाच विषय एकत्र बसून जुळवायला घेतले, पुढच्या वर्षापासून तो उपक्रम इंटरॉप या नावाने दरवर्षी चालतो आहे. इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केलं. "ब्राउझरमध्ये फरक असतोच" हे जुनं उत्तर आता फारसं टिकत नाही.

आणखी एक गोष्ट, जी तपासायला दहा सेकंद लागतात आणि जी तपासायची कोणाला आठवत नाही. कन्सोलमध्ये ‘डॉक्युमेंट.कॉम्पॅटमोड’ विचारा. उत्तर ‘बॅककॉम्पॅट’ आलं तर पान क्वर्क्स मोडमध्ये, म्हणजे जुन्या ब्राउझरांच्या सवयींनी चालणाऱ्या मोडमध्ये आहे. याचा अर्थ डॉकटाइप (एचटीएमएलची पहिली ओळ) गायब आहे किंवा त्याच्या आधी काहीतरी छापलं जातंय. जुन्या टेम्प्लेटमध्ये, एखाद्या प्लगइनने वर काही ओतलं की हे हमखास होतं. तो मोड असेपर्यंत बाकी काहीही दुरुस्त करू नका.

आडवा स्क्रोल: खरा अपराधी कसा पकडायचा

सगळ्या एलिमेंटना तात्पुरती लाल आउटलाइन लावा. बॉर्डर नको. बॉर्डर जागा खाते आणि लेआउट स्वतःच बदलून टाकते, आउटलाइन जागा घेत नाही. मग पान बारीक करून बघा, कोणती लाल चौकट स्क्रीनबाहेर जाते ते. फायरफॉक्सच्या इन्स्पेक्टरमध्ये हे काम आणखी सोपं आहे: ज्या एलिमेंटमुळे पान ओसंडतं त्याच्यापुढे तो ‘ओव्हरफ्लो’ असा बिल्ला दाखवतो. दुसरं काही वापरत नसलात तरी एवढ्यासाठी फायरफॉक्स ठेवा.

पकडला जाणारा बहुधा या चौघांपैकी एक असतो.

पहिला, ‘विड्थ: १०० व्हीडब्ल्यू’, म्हणजे खिडकीची पूर्ण रुंदी. ही रुंदी मोजताना स्क्रोलबारची जागा वजा होत नाही. मॅकवर आणि मोबाइलवर स्क्रोलबार मजकुरावर तरंगतो, म्हणून तिथे काही कळत नाही. विंडोजवर तो जागा घेतो आणि पान तेवढंच जास्त रुंद होतं. डिझायनर मॅकवर, ग्राहक विंडोजवर, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर! इथे १०० टक्के लिहा. पूर्ण रुंदीचा बॉक्स असेल तर ‘विड्थ’ लिहायचीही गरज नसते, ब्लॉक एलिमेंट आपोआप पसरतो.

दुसरा, जुन्या पद्धतीची रुंदी. शंभर टक्के विड्थ आणि वर पॅडिंग. ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ सगळीकडे लावलं की हा संपतो. बहुतेक प्रोजेक्टमध्ये ते असतंच, पण बाहेरून आणलेला विजेट कधीकधी ते उलटवतो.

तिसरा, स्क्रीनबाहेर लपवून ठेवलेलं काहीतरी: बाजूने सरकत येणारा मेनू, ॲनिमेशनची सुरुवातीची जागा, उणे मार्जिन. इथे कापणं हाच योग्य उपाय आहे, पण ते त्या मेनूच्या जवळच्या पॅरेंटवर करा आणि ‘हिडन’ऐवजी ‘ओव्हरफ्लो-एक्स: क्लिप’ वापरा. दोघांतला फरक पुढे स्टिकीच्या वेळी कळेल.

चौथा सगळ्यात चिवट आहे, त्याला वेगळी जागा द्यायला हवी.

फ्लेक्स आणि ग्रिडमधली न लिहिलेली अट

एका ओळीत डावीकडे छोटा फोटो, उजवीकडे मजकूर. मजकुराला ‘फ्लेक्स: १’. सगळं छान चालतं, आणि एके दिवशी कोणीतरी मजकुरात लांबलचक लिंक टाकतं. मजकुराचा बॉक्स फुगतो, फोटो चेपतो, पान आडवं सरकायला लागतं.

कारण असं: फ्लेक्सच्या चाइल्डची ‘मिन-विड्थ’ डिफॉल्टने शून्य नसते, ती ‘ऑटो’ असते. ऑटोचा अर्थ, आतला न तुटणारा सगळ्यात लांब तुकडा जेवढा रुंद, त्याहून हा बॉक्स लहान होणार नाही. लिंक हा एक न तुटणारा तुकडा आहे. ‘फ्लेक्स-श्रिंक’ कितीही वाढवा, ही खालची मर्यादा ओलांडली जात नाही. हे तिन्ही इंजिनांत नियमाप्रमाणेच होतं.

उपाय दोन शब्दांचा: त्या चाइल्डला ‘मिन-विड्थ: ०’. पण इथेच बहुतेक जण अडकतात, कारण ते शून्य परिच्छेदाला लावलं जातं. ते लागायला हवं फ्लेक्सच्या थेट चाइल्डला. फ्लेक्सच्या आत फ्लेक्स, त्याच्या आत फ्लेक्स अशी उतरंड असेल तर वाटेतल्या प्रत्येक पायरीवर ते लावावं लागतं. एक पायरी सुटली तरी वरचा बॉक्स फुगतोच. टेक्स्ट-ओव्हरफ्लोचे तीन ठिपके दिसत नाहीत ही तक्रारही ऐंशी टक्के याचीच बहीण असते असं म्हणायचा मोह होतो. आकडा सोडा, पण तपासायची पहिली जागा हीच.

कॉलममध्ये मांडलेल्या फ्लेक्सला हेच उंचीच्या बाबतीत लागू होतं. आतली यादी स्क्रोल व्हायला हवी होती आणि त्याऐवजी अख्खं पान वाढतंय, तर यादीच्या वरच्या पायऱ्यांवर ‘मिन-हाइट: ०’ हवं.

ग्रिडमध्ये हीच अट वेगळ्या वेषात येते. ‘१ एफआर’ म्हणजे प्रत्यक्षात ‘मिनमॅक्स(ऑटो, १ एफआर)’. म्हणून तीन समान कॉलम मागितले तरी एका कॉलममध्ये रुंद टेबल किंवा कोडचा तुकडा आला की ते समान राहत नाहीत. ‘मिनमॅक्स(०, १ एफआर)’ लिहा. कोड आणि टेबलसाठी त्यांच्याभोवती ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’ असलेला बॉक्स द्या, म्हणजे ते आपापल्या जागेत सरकतील.

लिंक मोडण्यासाठी ‘ओव्हरफ्लो-रॅप’ लावताना एक बारीक फरक लक्षात ठेवा. ‘ब्रेक-वर्ड’ ही व्हॅल्यू शब्द तोडते, पण किमान रुंदी मोजताना तो शब्द अखंडच धरते, म्हणून फ्लेक्समध्ये ती एकटी पुरत नाही. ‘एनीव्हेअर’ ही व्हॅल्यू मोजतानाही शब्द तुटणार हे गृहीत धरते. वापरकर्त्यांनी लिहिलेला मजकूर जिथे येतो तिथे मी ‘एनीव्हेअर’ लावतो. टेबलच्या सेलमध्ये मात्र जपून, कॉलम अक्षराएवढा बारीक होऊ शकतो.

स्टिकी चिकटत नाही

स्टिकी एलिमेंट चिकटतो तो सगळ्यात जवळच्या स्क्रोल कंटेनरला. ‘ओव्हरफ्लो: हिडन’, ‘ऑटो’ किंवा ‘स्क्रोल’ यातलं काहीही लावलं की तो एलिमेंट स्क्रोल कंटेनर बनतो, प्रत्यक्षात तो कधीच स्क्रोल होत नसला तरी. आडव्या दिशेला हिडन लिहिलं की उभ्या दिशेचं ‘व्हिजिबल’ गुपचूप ‘ऑटो’ होतं. म्हणजे पहिल्या तक्रारीवर लावलेला तो उपाय हेडरला एका न हलणाऱ्या कंटेनरशी बांधून टाकतो. हेडर त्याला इमानदारीने चिकटलेलं असतं, पण तो कंटेनर हलतच नाही.

शोधायचं असं: कन्सोलमध्ये स्टिकी एलिमेंटपासून एकेक पॅरेंट वर चढत जा आणि ज्याचा संगणित ओव्हरफ्लो व्हिजिबल नाही त्याचं नाव छापा. यादीत येणारा पहिला पॅरेंट हाच दोषी. तिथला हिडन काढता येत नसेल तर क्लिप करा. क्लिप कापतो पण स्क्रोल कंटेनर बनवत नाही. क्रोम ९०, फायरफॉक्स ८१ आणि सफारी १६ पासून तो चालतो.

ओव्हरफ्लो स्वच्छ असूनही चिकटत नसेल तर तीन गोष्टी बघा. ‘टॉप’ लिहिलंय का? त्याशिवाय स्टिकी कामच करत नाही. स्टिकीचा पॅरेंट त्याच्याएवढाच उंच आहे का? हेडरभोवती कोणी रिकामा डिव्ह गुंडाळला असेल तर हेडरला चिकटून सरकायला जागाच नसते. आणि फ्लेक्स किंवा ग्रिडमधला साइडबार असेल तर तो ताणून शेजारच्या कॉलमएवढा उंच झालेला असतो, त्याला ‘अलाइन-सेल्फ: स्टार्ट’ द्या.

झेड-इंडेक्सची लिलाव बोली

९९९९ पुढे ९९९९९. दोन एलिमेंट वेगवेगळ्या स्टॅकिंग कॉन्टेक्स्टमध्ये (एकावर एक थरांच्या स्वतंत्र गटांत) असतील तर त्यांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही, त्यांच्या वरच्या कॉन्टेक्स्टची होते. असा कॉन्टेक्स्ट तयार व्हायला झेड-इंडेक्सच लागतो असं नाही. एकपेक्षा कमी ओपॅसिटी, ट्रान्सफॉर्म, फिल्टर, ‘विल-चेंज’ यांतलं काहीही पुरतं. कार्डावर माउस नेल्यावर ते किंचित वर उचललं जावं म्हणून लिहिलेला ट्रान्सफॉर्म आतल्या ड्रॉपडाउनला कैद करतो.

याच प्रॉपर्टींचा आणखी एक उपद्व्याप आहे. पॅरेंटवर ट्रान्सफॉर्म किंवा फिल्टर असेल तर आतला ‘पोझिशन: फिक्स्ड’ खिडकीशी बांधलेला राहत नाही, त्या पॅरेंटशी बांधला जातो. पान उघडताना सगळा मजकूर हळूच वर सरकत येतो असं ॲनिमेशन आहे आणि मोडल (पानावर उघडणारी चौकट) भलतीकडेच उघडतोय? जोडी जमली.

मोडलसाठी आता आकड्यांची भांडणं करायची गरज उरलेली नाही. ‘डायलॉग’ एलिमेंट ‘शोमोडल’ने उघडला की तो ब्राउझरच्या सगळ्यात वरच्या थरात जातो, तिथे कोणाचाही झेड-इंडेक्स पोचत नाही. मार्च २०२२ पासून तो तिन्ही इंजिनांत आहे. आपल्या कोडमध्ये एखादा विभाग स्वतंत्र ठेवायचा असेल तर ‘आयसोलेशन: आयसोलेट’ लिहा, त्यामुळे आतले आकडे आतच राहतात.

शंभर व्हीएच आणि मोबाइलची पट्टी

मोबाइलवर पत्त्याची पट्टी दिसत असताना पूर्ण उंचीच्या बॉक्सचा तळ कापला जातो, नेमकं तिथलं बटण दिसत नाही. कारण मोबाइल ब्राउझर व्हीएच (खिडकीच्या उंचीचा शंभरावा भाग) मोजताना पट्टी लपलेली आहे असं धरतात. यासाठी २०२२ मध्ये तिन्ही इंजिनांत नवी एककं आली: एसव्हीएच म्हणजे पट्टी दिसत असतानाची उंची, एलव्हीएच म्हणजे लपल्यावरची, डीव्हीएच म्हणजे त्या क्षणाची.

सगळीकडे डीव्हीएच लिहून टाकायचा मोह टाळा. पट्टी आत-बाहेर होते तसा तो बॉक्स उंची बदलतो आणि खालचा मजकूर उडी मारतो. वरच्या मोठ्या चित्राच्या विभागाला एसव्हीएच, चॅटसारख्या पूर्ण स्क्रीन व्यापणाऱ्या मांडणीला डीव्हीएच. कीबोर्ड उघडल्यावर यातलं कोणतंही एकक आपोआप लहान होत नाही, ती वेगळी भानगड आहे. जुन्या फोनसाठी आधीच्या ओळीत व्हीएच आणि पुढच्या ओळीत नवं एकक लिहा. ज्या ब्राउझरला नवं कळत नाही तो ती ओळ सोडून देतो.

पटकन होणारी कामं

चित्राखाली दोन-चार पिक्सेलची फट दिसते ती चित्र अक्षरासारखं बेसलाइनवर बसतं म्हणून. ‘डिस्प्ले: ब्लॉक’ द्या. फ्लेक्समध्ये चित्र उभं ताणलं जातं, तिथे ‘अलाइन-आयटम्स’ किंवा चित्राचं ‘अलाइन-सेल्फ’ बदला. उंची टक्क्यांत लिहून ती लागत नसेल तर पॅरेंटची उंची ठरलेली नाही. आयफोनवर इनपुटमध्ये बोट ठेवताच पान मोठं होतं? इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान आहे. बटण आणि इनपुट पानाचा फॉन्ट घेत नाहीत, त्यांना ‘फॉन्ट: इनहेरिट’ सांगावं लागतं.

देवनागरीसाठी थोडं वेगळं

इंग्रजी डेमोवर बसवलेली थीम मराठी मजकुराला लावली की शीर्षकातले रफार आणि मात्रा वरून कापल्या जातात, उकार खालून. ‘लाइन-हाइट: १.१’ आणि ‘ओव्हरफ्लो: हिडन’ एकत्र आले की हे होतंच, आणि ठरावीक ओळींनंतर मजकूर छाटणारी लाइन-क्लॅम्पची पद्धत हिडन लावल्याशिवाय चालत नाही. शीर्षकालाही १.४ च्या खाली जाऊ नका. ‘लेटर-स्पेसिंग’ शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. वेबफॉन्ट उतरला नाही तर विंडोज निर्मला यूआयकडे वळतो, ॲपलची यंत्रं कोहिनूर देवनागरीकडे, अँड्रॉइड नोटोकडे. तिघांची रुंदी आणि उंची वेगळी आहे. एका यंत्रावर एका ओळीत बसलेलं बटण दुसऱ्यावर दोन ओळींत जातं ते यामुळे, म्हणून बटणाला ठरावीक उंची देऊ नका, पॅडिंग द्या.

ईमेल: इथे फरक खरोखरच असतो

ब्राउझरबद्दल वर जे म्हटलं त्याच्या बरोबर उलट परिस्थिती. इथे सगळ्यांना मान्य असलेले नियम नाहीत. तक्रार आली की पहिला प्रश्न: कोणता क्लायंट, म्हणजे मेल वाचायचं कोणतं ॲप? आणि उत्तर "आउटलुक" आलं तर दुसरा प्रश्न: कोणतं आउटलुक? विंडोजवरचं क्लासिक आउटलुक २००७ च्या आवृत्तीपासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं. हो, कागदपत्रं टाइप करायचं वर्ड. त्याआधीच्या आवृत्त्या इंटरनेट एक्सप्लोररचं वापरत होत्या. विंडोजवरचं नवं आउटलुक, मॅकवरचं आणि ब्राउझरमधलं यांपैकी कोणीही वर्ड वापरत नाही. मायक्रोसॉफ्टने क्लासिकला किमान २०२९ पर्यंत आधार देण्याचं सांगितलं आहे, म्हणजे अजून काही काळ हे सांभाळावंच लागेल.

वर्डला फ्लेक्स, ग्रिड, मॅक्स-विड्थ, गोल कोपरे आणि सीएसएसमधलं पार्श्वभूमीचं चित्र यांतलं काही कळत नाही. त्याला टेबल कळतं. म्हणून सांगाडा टेबलचा, रुंदी साधारण ६०० पिक्सेल, ती ॲट्रिब्यूटमध्येही लिहिलेली, सेलपॅडिंग आणि सेलस्पेसिंग शून्य, आणि स्क्रीन रीडरला हे खरं टेबल नाही हे कळावं म्हणून रोल ‘प्रेझेंटेशन’. अंतर हवं तिथे पॅडिंग टीडीला (टेबलच्या सेलला) द्यायचं. परिच्छेदाला, डिव्हला किंवा लिंकला दिलेल्या पॅडिंगवर वर्डच्या बाबतीत विसंबू नका. बटणाचा रंगीत भाग आउटलुकमध्ये अक्षरांपुरता आक्रसतो तो यामुळेच. रंग आणि पॅडिंग टीडीवर हलवा.

दोन कॉलम मोबाइलवर एकाखाली एक यायला हवे असतील तर कॉलम ‘इनलाइन-ब्लॉक’ करून प्रत्येकाला मॅक्स-विड्थ देतात, म्हणजे मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीनुसार लागणारे नियम) न चालणाऱ्या क्लायंटमध्येही ते आपोआप खाली उतरतात. वर्डला मॅक्स-विड्थ कळत नसल्यामुळे फक्त त्याच्यासाठी ‘इफ एमएसओ’ (एमएसओ म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिस) अशी अट असलेल्या कॉमेंटमध्ये ठरावीक रुंदीचं टेबल गुंडाळतात. याला घोस्ट टेबल म्हणतात. बाकी सगळ्यांना ती निव्वळ कॉमेंट दिसते.

आता "मागच्या महिन्यात बरोबर होतं, या महिन्यात आउटलुकमध्ये मोडलं, टेम्प्लेटला तर हातही लावला नाही" ही तक्रार. बहुधा टेम्प्लेट आणि इनबॉक्स यांच्यामध्ये कोणीतरी आलेलं असतं. बिल्डमध्ये एचटीएमएल आकसवणारं टूल बसवलं आणि त्याने सगळ्या कॉमेंट काढल्या, म्हणजे घोस्ट टेबलही गेली. किंवा मेल पाठवणाऱ्या सेवेच्या ओढून-ठेवून एडिटरमध्ये कोणी टेम्प्लेट उघडून परत सेव्ह केलं. म्हणून टेम्प्लेटची फाइल बघत बसू नका. इनबॉक्समध्ये पोचलेल्या मेलचा मूळ स्रोत उघडा आणि त्यात एमएसओ शोधा. सापडलं नाही तर सीएसएसला हात लावायची गरजच नाही.

आउटलुकची आणखी तीन दुखणी वारंवार येतात. चित्र अवाढव्य दिसतं: विड्थ ॲट्रिब्यूट नसेल तर तो फाइलच्या मूळ मापात चित्र दाखवतो, आणि तीक्ष्ण दिसावं म्हणून आपण दुप्पट मापाचं चित्र टाकलेलं असतं. फक्त काही लॅपटॉपवर सगळं विस्कटतं: त्या यंत्राचं डिस्प्ले स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असतं. हेडमध्ये एमएसओच्या अटीत ऑफिसच्या डॉक्युमेंट सेटिंग्जचा एक्सएमएल तुकडा टाकून पिक्सेल-प्रति-इंच ९६ ठरवून द्या. आणि अक्षरं टाइम्स न्यू रोमनमध्ये दिसतात: फॉन्ट-फॅमिलीत पहिलं नाव वेबफॉन्टचं असलं की वर्ड पुढची नावं न वाचता तिकडे वळतं. एमएसओच्या अटीत साधा सिस्टिम फॉन्ट सक्तीने सांगा, मराठी मेलला निर्मला यूआय.

जीमेलची खोड निराळी. सप्टेंबर २०१६ पासून तो हेडमधला स्टाइल ब्लॉक वाचतो, पण अटींसह. ब्लॉक ८,१९२ अक्षरांपेक्षा मोठा झाला तर तो टाकून देतो. आत एखादी न पटणारी रचना आली, उदाहरणार्थ एका ॲट-नियमात (@ या चिन्हाने सुरू होणाऱ्या नियमात) दुसरा ॲट-नियम, तर ती ओळ न गाळता अख्खा ब्लॉक गाळतो. मोबाइलची सगळी मांडणी एकदम गायब झाली असेल तर हेच कारण समजा. ब्लॉक दोन करा: पहिल्यात साध्या मीडिया क्वेरी, दुसऱ्यात जोखमीचं सगळं. जीमेलच्या ॲपमध्ये दुसऱ्या कंपनीचं खातं जोडलेलं असेल तर एकही ब्लॉक वाचला जात नाही, म्हणून रंग, फॉन्ट आणि अंतर इनलाइन हवंच. "माझ्या जीमेलमध्ये बरोबर, त्यांच्या जीमेलमध्ये नाही" याचा उलगडा बरेचदा इथे होतो.

सुमारे १०२ केबीपेक्षा मोठा मेल जीमेल मध्येच कापतो आणि खाली पूर्ण संदेश बघण्याची लिंक देतो. कापलेल्या भागात टेबल बंद होण्याचे टॅग, नोंदणी रद्द करायची लिंक आणि मेल उघडला की नाही ते मोजणारं चित्र असतं. चित्रांचं वजन यात धरलं जात नाही, एचटीएमएलचं धरलं जातं. मराठीत ही मर्यादा लवकर येते, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष, एकूण नऊ बाइट. त्यात इनलाइन स्टाइल प्रत्येक टीडीवर पुन्हा पुन्हा छापलेली. लांब वार्तापत्र असेल तर अख्खा लेख मेलमध्ये ओतू नका, सुरुवात द्या आणि पुढे वाचण्याची लिंक द्या.

ॲपल मेल वेबकिटवर चालतो आणि जवळपास सगळं दाखवतो, त्यामुळे तो फसवतो. त्यात सुंदर दिसलं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. त्याची एकच सवय त्रास देते: तारखा, पत्ते, फोन नंबर निळे करून लिंक बनवतो. ‘एक्स-ॲपल-डेटा-डिटेक्टर्स’ या ॲट्रिब्यूटवर नेम धरून रंग आणि अधोरेखा मूळच्या करून घ्या.

डार्क मोडमध्ये प्रत्येक क्लायंटचा स्वभाव वेगळा. ॲपल मेल ‘प्रीफर्स-कलर-स्कीम’ मानतो, जीमेल मानत नाही, आणि आयफोनवरचं जीमेल ॲप रंग स्वतःच उलटवतं. ही लढाई पूर्ण जिंकता येत नाही. पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळा लोगो मात्र वाचवता येतो: त्याला बारीक पांढरी कड द्या. उजेडात ती दिसत नाही, अंधारात लोगो दिसतो.

आणि एखाद्या वरिष्ठाने मोडलेल्या मेलचा स्क्रीनशॉट पाठवला तर कामाला लागण्याआधी विचारा, हा मेल थेट आला होता की कोणी फॉरवर्ड केला होता? क्लासिक आउटलुक फॉरवर्ड करताना अख्खा मेल वर्डमधून पुन्हा लिहून काढतं: अटींच्या कॉमेंट, मीडिया क्वेरी, मापं, सगळ्याचा काला होतो. अशा फॉरवर्डची दुरुस्ती पाठवणाऱ्याच्या हातात नाही. मेलच्या वरच्या बाजूला ‘ब्राउझरमध्ये बघा’ ही लिंक ठेवा आणि ती तक्रार बंद करा.